कानांतलें शेत

नांदेडास गोदेच्या कांठीं विसर्जनाची मिरवणूक चालली असतां, किंवा लातुरांत गंजगोलाईभोंवतीं वरात फिरत असतां, ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढें कडेवरचें मूल कानांवर हात दाबून रडतांना आम्हीं पाहिलें आहे. वडील मंडळी हंसतात. परंतु त्या बालकाच्या कानांत त्या घटकेला काय घडत असेल, याविषयीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें जें दाखविलें आहे, तें वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटतें.

कानशिलाच्या कठीण हाडांत अडीच वेढ्यांची, गोगलगायीच्या शंखासारखी एक पोकळी असते. तींत केशपेशींच्या रांगा आहेत: आंतली एक, सुमारें ३,५०० पेशींची; बाहेरच्या तीन, मिळून सुमारें १२,००० पेशींच्या. प्रत्येकीच्या माथ्यावर सूक्ष्म केसांचा झुबका असतो. नादाच्या लहरीनें हे केस कलतात, आणि मज्जातंतूंस संदेश जातो.

साध्या सूक्ष्मदर्शकास हे केस जेमतेम दिसतात. म्हणून हा भाग रसायनांत स्थिर करतात, मद्यार्कांतून नेऊन त्यांतील पाणी काढतात, सोन्याचा अतिपातळ मुलामा चढवितात, आणि निर्वात पेटींत त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत फिरवितात. अशाच शोधांत १९८४ सालीं पिकल्स व त्यांचे सहकारी यांस गिनिपिगाच्या कानांत एका केसाच्या शेंड्यापासून शेजारच्या उंच केसापर्यंत ताणलेला धागा आढळला. केस कलला कीं हा धागा ओढला जाऊन पेशीचें दार उघडतें. आपलें सारें ऐकणें अशा धाग्यांवर टांगलेलें आहे!

निरोगी कानाचें चित्र पाहिलें म्हणजे पाभरीनें पेरलेल्या ज्वारीच्या तासांची आठवण होते. अतितीव्र नाद सोसलेल्या कानाचें चित्र मात्र गारपिटीनंतरच्या शेताचें: कांहीं केस मोडलेले, कांहीं आडवे, कांहीं एकमेकांस चिकटलेले; कोठें तर रांगांत रिकाम्या जागाच. शेत पुढील हंगामांत पुन्हा पिकेल. कोंबडीच्या कानांतही नव्या केशपेशी उगवतात. मनुष्याच्या कानांत मेलेल्या केशपेशी पुन्हा उगवत नाहींत.

८५ डेसिबलांचा आवाज आठ तास, १०० डेसिबलांचा अवघीं पंधरा मिनिटें, अशी सोसण्याची मर्यादा शास्त्रज्ञ सांगतात. २००० सालच्या नियमांनीं वस्तींत दिवसा ५५ डेसिबलांची मर्यादा घातली आहे. परंतु कायद्याची वाट पाहत बसण्यापेक्षां मूल घेऊन दूर सरणें हा उपाय हातचा आहे. आणि आपल्या घरच्या मुंजीला, लग्नाला काय वाजवावें व किती मोठ्यानें, हें तर सर्वस्वीं आपल्याच हातीं आहे.