जुन्या भाषेच्या दारी नवा दुभाष्या

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या कागदावर माझ्या वडिलांचे नाव 'ज्ञाने' एवढेच छापून आले. पूर्ण नाव ज्ञानेश्वर. ते सिद्ध करण्यासाठी वडिलांना एका दिवसाची मजुरी बुडवून प्रतिज्ञापत्राकरिता तालुक्याला यावे लागले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. असल्या कागदांची कुणालाच सवय नाही. यंत्र नाव अर्धे का गिळते, हा प्रश्न मी दिवाळीच्या सुट्टीत पुण्याच्या मामेभावापुढे टाकला. जुन्या संगणक-भाषांतील प्रोग्रामांना वेबची दारे बसविणे हाच त्याचा व्यवसाय. त्याच्याशेजारी बसून जे उमगले ते येथे मांडतो.

कोबोल ही अशीच एक जुनी भाषा. १९५९ साली अमेरिकेत तिची आखणी सुरू झाली. ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या भाषेचा तिच्यावर मोठा ठसा आहे. कित्येक बँका व सरकारी कचेऱ्यांचे हिशेब ती आजही चालविते. एप्रिल २०२० मध्ये बेकारभत्त्याच्या अर्जांचा पूर आला, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हाक दिली होती. मग ती टाकून का देत नाहीत? मोडी वाचणारे कमी झाले म्हणून आपण जुनी दप्तरे जाळली नाहीत, जाणकार शोधले. तसेच हे. हिशेब बरोबर आहे, पण ब्राउझरला ती भाषा कळत नाही. मध्ये दुभाष्या हवा.

हा दुभाष्या बराचसा यंत्रच लिहिते, याचे मला नवल वाटले. कोणता रकाना किती लांब, हे कोबोलच्या 'कॉपीबुका'त नमूद असते. आय.बी.एम.च्या सी.आय.सी.एस. प्रणालीतील एक साधन त्यावरून सेवेचे वर्णनपत्र तयार करते. ते वाचून अपाचे सी.एक्स.एफ. हे दुसरे साधन जावा भाषेत क्लायंटचा सांगाडा काढून देते. त्याला वेबपान जोडायचे, सारे एका गठ्ठ्यात बांधायचे आणि टॉमकॅटसारख्या सर्व्हरवर ठेवायचे. मात्र वर्णनपत्रात चाचणीच्या यंत्राचा पत्ता तसाच राहिला, तर खरी गिऱ्हाइके चाचणीच्या दारात जाऊन उभी राहतात!

खरी मेख आहे ती रकान्यांत. रुपयांचे पाच व पैशांचे दोन अंक असा रकाना नेमला, तर मधले दशांशचिन्ह साठविलेच जात नाही. ते मानलेले असते. १२५०.५० रुपये तेथे ०१२५०५० असे पडून असतात. ते अदृश्य चिन्ह क्लायंटपर्यंत पोचले नाही, की रक्कम शंभरपट.

आणि नाव देवनागरीत असेल तर? युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट जागा लागते. काना, मात्रा, हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हे. 'ज्ञानेश्वर'मध्ये अशी १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट. रोमन नावांच्या मापाने बेतलेल्या २० बाइटांच्या रकान्यात त्यांतली ६ मावतात. मामेभावाने कागदावर मोजून दाखविले : ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा. ज्ञाने! मी त्या कागदाकडे पाहतच राहिलो.

रकाना रुंदावायचा तर मूळ प्रोग्राम, साठविलेल्या नोंदी, वर्णनपत्र, सगळेच बदलावे लागते. म्हणून ते काम रेंगाळते. पण नाव मावत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे, मुकाट्याने कापू नये, एवढे तरी क्लायंटला शिकविता येते. ती ओळ माणसाने हाताने लिहायची. मामेभाऊ आता चाचणीच्या यादीत पहिले नाव माझ्या वडिलांचे घालतो.