एका दाताची किंमत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, शिरोली एमआयडीसीत पाळी सुटली, की महामार्गाच्या तोंडाशी दुचाक्यांची गर्दी होते. नवी स्कूटर दिसली, की दोन प्रश्न हमखास विचारले जातात : पिकअप कसा आहे? आणि पळते किती? दोन्ही प्रश्न बरेचसे गिअरचे आहेत. गंमत अशी, की इंजिन तेच ठेवून एकात मिळवायला गेले, तर दुसऱ्यात गमवावे लागते. हे मी पदरचे पैसे घालून शिकलो.

खरे तर मला ते आधीच कळायला हवे होते. आम्ही लेथवर काम करणारी माणसे. जाड कट घ्यायचा असला, की बॅक गिअर टाकतो. चक सावकाश फिरतो; पण जोर एवढा, की टूल अडत नाही. फिनिशिंगला वेग वाढवतो. तिथे जोर कमी चालतो. मोटर मात्र तीच. गिअर ताकद निर्माण करत नाही. आहे त्या ताकदीतून जोर किती घ्यायचा आणि वेग किती, एवढेच तो ठरवतो.

स्कूटरचे तसेच. समजा, इंजिनाकडच्या लहान चाकाला २२ दाते आणि पुढच्या मोठ्या चाकाला ६६ आहेत. लहान चाक तीनदा फिरते, तेव्हा मोठे एकदा. आता लहान चाक २३ दात्यांचे केले, तर इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी साडेचार टक्के जास्त अंतर जाईल. पण मागच्या चाकाला मिळणारा जोर चार टक्क्यांहून अधिक घटेल. तोही चारही गिअरमध्ये.

माझ्याकडे हाताने गिअर टाकायची जुनी स्कूटर होती. महामार्गावर जास्त पळावी म्हणून मी असाच एक दात वाढवून घेतला. मोकळ्या उतारावर काटा थोडा पुढे सरकला, मी खूश! पुढच्या रविवारी बायको-मुलाला घेऊन पन्हाळ्याला निघालो. वाघबीळ सोडल्यावर चढाला गाडी तिसऱ्यात ओढेना. दुसऱ्यात घातली, तर वळणावर तिथेही दम टाकू लागली. अर्धा क्लच दाबत रेटत राहिलो आणि शेवटी जळका वास आला. गाडी थांबली आणि मागे सरकू लागली. मागून टेम्पो येत होता. ब्रेक धरला म्हणून निभावले. बायको मुलाला घेऊन उतरली आणि उरलेला चढ दोघे चालत आली. क्लचच्या प्लेटा बदलाव्या लागल्या.

बरे, सपाटीवर तरी वेग वाढला होता का? नाही. वेग वाढतो तशी हवा फार अडवते. ताशी ६० वरून ७५ किलोमीटरवर जायचे, तर नुसती हवा कापायलाच जवळपास दुप्पट ताकद लागते. तेवढी ताकद इंजिनात नसेल, तर वेगाचा गिअर घालून इंजिन जास्तीत जास्त ताकदीच्या फेऱ्यांपर्यंत पोचतच नाही. मग वेग वाढण्याऐवजी कधी कधी घटतो.

१९८४ साली कायनेटिक होंडा आली आणि बिनगिअरची स्कूटर घरोघर माहीत झाली. तिच्यातही गिअरचे काम होतेच. ते पट्टा आणि लहानमोठ्या होणाऱ्या पुल्या करतात. पुलीतले रोलर हलके घातले, तर इंजिन जास्त फेऱ्यांवर राहते, उठाव चांगला मिळतो, पण पेट्रोल जास्त लागते. जड घातले, तर इंजिन शांत चालते, पण चढाला सुस्तावते. रोलर बदलून सर्वाधिक वेग मात्र सहसा फारसा वाढत नाही. २०२० मध्ये चेतक विजेवर चालणारी होऊन विक्रीला आली. विजेची मोटर जागेवरूनच भरपूर जोर देते, म्हणून अशा बहुतेक स्कूटरींना एकच ठरावीक गिअर पुरतो. तो निवडतानाही उठाव आणि वेग यांचा हिशेब करावाच लागतो.

तेव्हा तरुण मित्रांनो, गिअरला हात लावण्याआधी आपला रोजचा रस्ता आठवा. मागे कोण बसते, वाटेत चढ किती, महामार्ग ओलांडताना चटकन निघावे लागते का? कंपनीने सगळ्यांचा विचार करून मधला मार्ग काढलेला असतो. तरी गाडी मंद वाटली, तर आधी टायरमधली हवा, घासणारा ब्रेक, क्लच आणि पट्टा तपासून घ्या. माझ्या स्कूटरला मी जुने २२ दात्यांचे चाक परत बसवले. पुढच्या खेपेला पन्हाळ्यावर तिघेही गाडीवरूनच पोचलो.