सिगारेट सोडल्यावर चिडचिड का होते?

सिगारेट किंवा बिडीचा झुरका घेतल्यावर १० ते २० सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचते. तेथील पेशींवर अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनासाठी रिसेप्टर असतात. निकोटिन त्यांवर जाऊन बसते, डोपामिन स्रवते आणि बरे वाटते.

रोज असे होत राहिले की रिसेप्टर बधिर होतात आणि त्यांची संख्या वाढते. रक्तातील निकोटिन सुमारे २ तासांत निम्मे होते. ते उतरले की वाढलेले रिसेप्टर रिकामे राहतात व तलफ येते. रात्रभराच्या खंडानंतर सकाळची पहिली सिगारेट म्हणूनच सर्वांत हवीशी वाटते.

सिगारेट सोडल्यावर चिडचिड, बेचैनी, झोप न लागणे हा त्रास पहिल्या २-३ दिवसांत सर्वाधिक असतो आणि बहुतेकांमध्ये २ ते ४ आठवड्यांत ओसरतो. रिसेप्टरची संख्या पूर्ववत होण्यास साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. तोपर्यंत ‘एकच झुरका’सुद्धा टाळा. घरच्यांनीही या चिडचिडीला स्वभावदोष समजू नये. त्रास सहन होत नसल्यास निकोटिन गम किंवा औषधांबाबत डॉक्टरांना विचारा. सरकारची मोफत क्विटलाइन १८००-११२-३५६ हीदेखील मदत करते.