इंजिन जड, भरती हलकी

लासलगावचा कांदा, आग्र्या-इंदूरचा बटाटा, पुरंदर-जुन्नरची भाजी पुण्याच्या बाजारात आणणाऱ्या गाड्यांचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास बऱ्याच अंशी त्यांच्या इंजिनांचा इतिहास आहे. घाऊक बाजार पेठांमध्ये भरत होता तेव्हाही, आणि गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आला त्यानंतरही, गाडीमालकाचं गणित एकच राहिलं. गाडीचं पासिंग, म्हणजे मालासकट मंजूर वजन, जितक्या टनांचं, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं. उरते ती भरती. बॉनेटखालचं इंजिन शंभर किलोंनी जड झालं की पन्नास किलोच्या दोन गोण्या खाली राहिल्या.

स्वातंत्र्याच्या आगेमागे रस्त्यावर होते ते बहुतेक पेट्रोलवरचे अमेरिकी आणि इंग्रजी ट्रक. जनरल मोटर्सचं जोडणी केंद्र मुंबईत शिवडीला १९२८ मध्येच सुरू झालं होतं. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात १९४७ पासून डॉज ट्रक बांधायला घेतले. ही पेट्रोल इंजिनं हलकी होती, पण तेल पिण्यात हात आखडता घेत नसत.

पर्याय होता डिझेलचा, पण ते इंजिन जड. ते जड का असतं, याचं उत्तर त्याच्या कामाच्या पद्धतीत आहे. त्यात ठिणगी टाकणारा प्लग नाही. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापून डिझेल पेटवेल. त्या काळच्या पेट्रोल इंजिनात हवा-पेट्रोलचं मिश्रण साधारण सहा-सात पट दाबलं जाई, डिझेलमध्ये हवा सोळा-सतरा पट. तेवढा दाब सोसायचा तर बिडाचा ब्लॉक, क्रँक, कनेक्टिंग रॉड, हेड, सगळंच भक्कम हवं.

प्रीमियरच्या डॉज आणि फार्गो गाड्यांत पुढे पर्किन्सचं पी-६ हे सहा सिलिंडरचं, ४.७ लिटरचं डिझेल इंजिन बसू लागलं. ब्रिटनमध्ये हेच इंजिन जुन्या पेट्रोल ट्रकांत घालण्यासाठी म्हणूनही विकलं जायचं. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझशी करार केला आणि डिझेल ट्रक इथेच तयार होऊ लागले. १९७३ च्या तेलसंकटानंतर तर पेट्रोलवर मालट्रक चालवणं परवडेना. मग जुनी इंजिनं उतरवून डिझेल चढवण्याचं काम गॅरेजांच्या हाती आलं.

हे काम म्हणजे नुसती इंजिनांची अदलाबदल नव्हती. नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडायला अ‍ॅडॉप्टर प्लेट लागे, माऊंटिंग नव्याने वेल्ड करावं लागे. वाढलेलं वजन जवळजवळ सगळं पुढच्या धुऱ्यावर येई, म्हणून पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एखादा पाटा वाढवायचा. पॉवर स्टिअरिंग नसल्याने चाक वळवताना ड्रायव्हरचे खांदे भरून येत. उतारावर पुढच्या ब्रेकांना जास्त काम पडे. शिवाय पेट्रोल इंजिन मिनिटाला तीन हजारांच्या वर फेरे घेई, जुनं डिझेल त्याच्या बरंच आधी थांबे. मागच्या धुऱ्यातला जुनाच क्राऊन-पिनियन गिअर ठेवला तर सपाट रस्त्यावर गाडी रेंगाळायची.

तरीही मोठ्या ट्रकसाठी हा सौदा फायद्याचाच होता. सगळ्या मालासकट आठ टन भरणाऱ्या गाडीत शंभर किलो म्हणजे सव्वा टक्का. त्या बदल्यात कमी फेऱ्यांतच मिळणारी ओढ कात्रज किंवा खंबाटकीच्या चढावर उपयोगी पडे, आणि डिझेलचा खर्च पेट्रोलच्या मानाने बराच कमी होता. लहान गाडीत मात्र हेच शंभर किलो अंगावर येतात. जीप किंवा अ‍ॅम्बेसिडरमध्ये जड डिझेल बसवल्यावर पुढचं टोक बसायचं, टायर लवकर झिजायचे. तिथे बचत खरी असली तरी गाडीच्या सांगाड्याला ती सोसत नसे.

एका गाडीत इंजिनाचं वजन उलट कामाला येई: आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर. तिची पुढची चाकं गाडी ओढायची. चढावर माल मागे झुकतो आणि पुढच्या चाकांची पकड सुटायला लागते. तिथे इंजिनाचं ओझं नेमकं त्या चाकांवर हवंच असतं. पुढे कंपनीने मर्सिडीजच्या परवान्याने ओएम ६१६ हे २.४ लिटरचं डिझेल इंजिन बनवायला घेतलं. ते इतकं दणकट निघालं की मोडीत निघालेल्या मॅटाडोरमधून ते दुसऱ्या गाड्यांत जाऊ लागलं.

टाटांच्या ४०७ या हलक्या ट्रकने १९८६ मध्ये जपानी सहकार्याच्या ट्रकांशी टक्कर घेतली. त्याच्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ९७ मिलिमीटर, मोठ्या सहा सिलिंडरच्या ६९७ इंजिनाइतकाच. पण सिलिंडर चार आणि स्ट्रोक कमी. यातच पुढची दिशा होती. टर्बो आल्यावर चार सिलिंडरचं ४९७ इंजिन ११०९ सारख्या अकरा टनी गाडीला पुरू लागलं. पूर्वीच्या बारा टनी १२१० ला सहा सिलिंडर लागत. दोन सिलिंडरांचं लोखंड वाचलं, ते मालाला मिळालं.

या विचाराचं टोक पुण्यात तयार होऊन २००५ च्या मे महिन्यात बाजारात आलेल्या टाटा एसमध्ये दिसलं. कंपनीतले अभियंते गिरीश वाघ यांच्या चमूने इंडिकाचं १४०५ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन अक्षरशः अर्धं केलं: दोन सिलिंडर, ७०२ सीसी, १६ अश्वशक्ती. आकडा किरकोळ वाटतो, पण भरलेली गाडी १,५५० किलोंची, म्हणजे टनामागे दहा अश्वशक्ती. १६.२ टन आणि १३० अश्वशक्तीच्या टाटांच्या १६१३ ट्रकला टनामागे आठच मिळत. या पाऊण टन भरतीच्या गाडीत पूर्ण चार सिलिंडरचं इंजिन घातलं असतं तर वेग वाढला असता आणि माल घटला असता. मार्केट यार्डातून गल्लीबोळातल्या दुकानांपर्यंत जाणाऱ्या ‘छोटा हत्ती’ला वेग नको होता.

मोठ्या गाड्यांना २०१८ मध्ये सरकारनेच जागा करून दिली. सहाचाकी ट्रकची मर्यादा १६.२ वरून १८.५ टनांवर गेली: पुढचा धुरा सहावरून सात टन, मागचा १०.२ वरून ११.५. एवढ्या वाढीपुढे इंजिनातले पन्नास-शंभर किलो मालकाच्या हिशेबातून मागे पडले.

इंजिन बदलण्याची गॅरेजमधली कला मात्र आक्रसत गेली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीशी विसंगत बदलाला मनाई करतं. दहा किंवा जास्त व्यावसायिक गाड्या असलेल्या मालकाला राज्य सरकार परवानगीविना इंजिन बदलण्याची मुभा देऊ शकतं, पण तेही त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ प्रदूषण मानकांच्या गाड्यांत इंजिन हे सेन्सर, इलेक्ट्रॉनिक नियंत्रक (ईसीयू) आणि धूर गाळणाऱ्या जड सायलेन्सरशी असं गुंतलंय की ते एकटंच उचलून दुसरीकडे बसवणं जवळपास अशक्य. धूर गाळणाऱ्या या सरंजामाचं वजनही भरतीतूनच वजा होतं.

आता वजन इंजिनातून बॅटरीत गेलंय. टाटा एसचीच विजेवरची गाडी २०२२ मध्ये आली. मोटर डिझेल इंजिनाहून ताकदवान, २७ किलोवॉटची. बॅटरी २१.३ किलोवॉट-तासांची. भरती मात्र ६०० किलो, डिझेलवाल्या पहिल्या एसपेक्षा दीडशे किलोंनी कमी. एक टन भरतीची आवृत्ती बाजारात यायला २०२४ उजाडलं.