दृष्टीआडचा कर्मचारी आणि बढतीची यादी

घरून काम करणारा कर्मचारी खरोखर काम करतो का, हा प्रश्न महासाथीच्या कितीतरी आधीचा आहे. शांघायमधील सीट्रिप या प्रवास-आरक्षण कंपनीने तो २०१० च्या अखेरीस पद्धतशीरपणे तपासून पाहिला. कंपनीचे सहसंस्थापक जेम्स लियांग त्या काळात स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉक्टरेट करत होते. तेथील अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम यांच्यासह त्यांनी कॉल सेंटरमधील इच्छुक कर्मचाऱ्यांची जन्मतारखेनुसार विभागणी केली. सम तारखेचे कर्मचारी आठवड्यातील चार दिवस घरून काम करणार, विषम तारखेचे कार्यालयातच राहणार. नऊ महिन्यांनंतर घरच्या गटाची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. त्यातील सुमारे ९ टक्के वाढ प्रत्यक्ष कामाची मिनिटे वाढल्यामुळे होती. उरलेली दर मिनिटाला अधिक कॉल घेतल्यामुळे. नोकरी सोडण्याचे प्रमाण तर निम्म्यावर आले.

हे आकडे सर्वत्र उद्धृत होतात. त्याच शोधनिबंधातील दुसरा निष्कर्ष मात्र क्वचितच कोणी सांगतो. कामगिरी समान धरली, तर घरून काम करणाऱ्यांना बढती मिळण्याचे प्रमाण घटले होते.

परदेशातील मराठी व्यवस्थापकाने विचार करावा तो या दुसऱ्या निष्कर्षाचा. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये बसून जो पुण्यातील टीमचे काम पाहतो, त्याच्या दृष्टीने ती टीम रोज कार्यालयात जात असली तरी दूरस्थच आहे. शेजारच्या टेबलावरचा सहकारी त्याला कॉफीच्या वेळी भेटतो, अडचण सांगतो, ती आपण कशी सोडवली हेही सहज बोलून जातो. पुण्यातील अभियंत्याने रात्री जागून तशीच अडचण सोडवली, तर व्यवस्थापकाला दिसते ते एवढेच, की सकाळी प्रणाली सुरळीत चालू आहे. न झालेल्या बिघाडाची नोंद कोणी ठेवत नाही. वर्षअखेरीस नावे सुचवायची वेळ येते तेव्हा चेहरे आधी आठवतात, कामे नंतर.

व्यवस्थापकांची बरीच शक्ती मात्र संशयावर खर्च होते. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये ११ देशांतील २०,००० जणांची पाहणी केली. त्यात ८७ टक्के कर्मचाऱ्यांनी आपण कार्यक्षमतेने काम करत असल्याचे सांगितले. तर काही दिवस घरून, काही दिवस कार्यालयातून या पद्धतीमुळे तशी खात्री बाळगणे कठीण झाले, असे ८५ टक्के वरिष्ठांचे म्हणणे पडले. या दरीत कळफलकाच्या आणि माऊसच्या हालचाली मोजणारी सॉफ्टवेअर शिरली. त्यांना उत्तर म्हणून माऊस आपोआप हलवणारी छोटी यंत्रे बाजारात आली. कळफलकावर काम चालू असल्याचा आभास निर्माण केल्याच्या कारणावरून वेल्स फार्गो बँकेने २०२४ मध्ये डझनाहून अधिक जणांना कामावरून काढले. हालचाल मोजली, तर हालचालच मिळणार; यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

मोजायचे असते काम, आणि त्यासाठी ते आधी शब्दांत मांडावे लागते. काय हवे, कोणत्या दिवशी हवे, 'पूर्ण झाले' असे केव्हा म्हणायचे आणि मध्येच निर्णय घेण्याची वेळ आली तर तो कोणी घ्यायचा, एवढे तरी लिहिलेले असावे. आपल्या बोलण्यात एक जास्तीची अडचण आहे. 'होऊन जाईल, सर' या उत्तराचा अर्थ 'झालेच समजा' पासून 'अशक्य आहे, पण तुम्हाला कसे सांगू' इथपर्यंत काहीही असू शकतो. समोरासमोर तो सुरावरून कळतो, चॅटमध्ये कळत नाही. म्हणून 'होईल ना?' असे विचारण्याऐवजी 'कुठे अडेल असे वाटते?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला नकार देणे उद्धटपणाचे वाटते; दुसऱ्या प्रश्नाला अडचण सांगणे हेच उत्तर असते. नवख्या माणसाशी तर आठवड्यातून अर्धा तास स्वतंत्रपणे बोलावे, तेही कामाची यादी बाजूला ठेवून.

वेळेचा भारही सारखा वाटला जात नाही. भारतातील घड्याळे वर्षभर स्थिर असतात, अमेरिकेतील मागेपुढे होतात. त्यामुळे न्यूयॉर्कची सकाळी साडेआठची बैठक पुण्यात उन्हाळ्यात सायंकाळी सहाला आणि हिवाळ्यात सातला सुरू होते. कॅलिफोर्नियात तीच वेळ धरली, तर पुण्यात रात्रीचे नऊ किंवा दहा वाजलेले असतात. दिवसभर राबून रात्री दहाला बैठकीस बसलेला माणूस गप्प राहिला, की 'पुढाकार कमी' असा शेरा पडतो. दर दुसरी बैठक कॅलिफोर्नियातील व्यवस्थापकाने आपल्या रात्री साडेआठला ठेवावी. पुण्यात तेव्हा सकाळ असते, आणि गप्प राहणारी तीच माणसे किती बोलतात ते दिसते.

अंतर आले की अन्याय ठरलेलाच, असे मात्र नाही. ब्लूम, लियांग आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्याच कंपनीत, म्हणजे आताच्या ट्रिप डॉट कॉममध्ये, पुढे केलेला अभ्यास २०२४ मध्ये 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या वेळी १,६०० हून अधिक पदवीधर कर्मचारी पाहिले गेले आणि घरचे दिवस आठवड्याला दोनच होते. राजीनामे एक तृतीयांशाने घटले. कामगिरीच्या मूल्यांकनात वा बढतीत फरक आढळला नाही. दोन्ही प्रयोगांतील कामे निराळी होती, हे खरे. तरीही आठवड्यातील तीन दिवसांची भेट ओळख टिकवण्यास पुरली असावी, असे मला वाटते.

समुद्रापलीकडच्या टीमला ती भेट मिळत नाही. तिची जागा नोंदीने भरून काढावी लागते. दरमहा प्रत्येकाच्या नावापुढे त्याने सोडवलेली एक अडचण आणि घेतलेला एक निर्णय लिहिण्यास फारसा वेळ लागत नाही. बढतीच्या बैठकीत आधी या नोंदी वाचाव्यात, मग नावे घ्यावीत. टीमसोबत तेथे बसणाऱ्या प्रमुखालाही बोलू द्यावे. आणि पुण्याला आपण वर्षा-दोन वर्षांनी घरच्यांसाठी जातोच. त्यातले दोन दिवस टीमसाठी राखावेत, तेही बढतीची यादी नक्की होण्यापूर्वी.