दुपारी दोनला न उघडणारं झाकण

कॅराव्हॅनच्या छताला रिमोटवर उघडणारं एक झाकण असतं. दुपारी दोनला बटण दाबलं तर ते हलत नाही, आणि रात्री आठला तेच बटण दाबलं की निमूट उघडतं. मधल्या वेळात कुणी काही दुरुस्त केलेलं नसतं, रिमोटचे सेलही बदललेले नसतात. बदललेलं असतं ते फक्त तापमान. मे महिन्यात पारोळ्याजवळ महामार्गाच्या कडेला गाडी उभी करणाऱ्याला हा अनुभव येऊ शकतो. त्याचं कारण शोधायला निघालं की हवेच्या वजनापासून तांब्याच्या तारेपर्यंत बरंच विज्ञान वाटेत भेटतं.

पारोळा खानदेशात, धुळे आणि जळगाव यांच्या मध्ये आहे. झाशीच्या नेवाळकर घराण्याची जहागीर इथली, आणि गावातला भुईकोट किल्ला त्या जहागिरीच्या काळातला. पूर्वी ६ क्रमांकाचा आणि आता ५३ क्रमांकाचा सुरत-नागपूर राष्ट्रीय महामार्ग इथून जातो, त्यामुळे गुजरातेतून अजिंठ्याला निघालेली गाडी बहुधा पारोळ्यावरूनच पुढे जाते. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. या गाड्यांच्या बांधणीसाठी ‘एआयएस-१२४’ हे स्वतंत्र मानकही आहे. युरोपात मोटारीमागे जोडून ओढायची कॅराव्हॅन सर्रास दिसते, आपल्याकडे टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीवरच घर बांधून घेतात. छताची रचना मात्र दोन्हीकडे जवळपास सारखी असते. छत्तीस ते चाळीस सेंटिमीटर बाजूचं चौकोनी भोक, वर प्लास्टिकचा घुमट, खाली जाळी, बऱ्याच गाड्यांत मध्ये पंखा, आणि झाकण उचलायला १२ व्होल्टची लहानशी मोटर.

छताला भोक कशासाठी, हे खानदेशात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. धाब्याच्या घरांना धूर जायला आणि उजेड यायला वर झरोका ठेवलेला असे, आणि पाऊस आला की कुणीतरी वर चढून तो झाकायचं. रिमोटमुळे हे वर चढणं वाचलं, हवेचं काम मात्र तेच राहिलं. ४२ अंश तापमानाची एक घनमीटर हवा सुमारे १.१२ किलो भरते आणि ५५ अंशांची सुमारे १.०८ किलो. चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचा हा फरक, एवढीच काय ती गरम हवेची ताकद. आत येणारी वाट आणि छताचं भोक यांच्यात दोन मीटर उंची असेल, तर त्यातून जेमतेम ०.९ पास्कल दाब तयार होतो. पण पाच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद गाडीतली वीस घनमीटर हवा पाच-सहा मिनिटांत बदलायला तेवढा दाब पुरतो. अट एकच, खाली भोकाएवढीच मोठी वाट उघडी हवी.

ही अट फार जण विसरतात. धूळ येते म्हणून खिडक्या घट्ट लावायच्या, वरचा पंखा पूर्ण वेगाने सोडायचा, आणि हवा खेळत नाही म्हणून पंख्याला दोष द्यायचा. मोठे पंखे मिनिटाला २५ घनमीटरपर्यंत हवा बाहेर टाकू शकतात, पण बाहेर गेलेल्या हवेची जागा घ्यायला नवी हवा आलीच नाही तर पाती नुसतीच फिरतात. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी सावलीच्या बाजूची एक खिडकी उघडावी आणि तिच्याजवळ अगरबत्ती धरावी. धूर आत ओढला जात असेल तर व्हेंट, म्हणजे छतातला हा हवेचा झरोका, ठीक आहे. पंख्यावर ठपका ठेवण्याआधी ही परीक्षा झालीच पाहिजे असं मला वाटतं, कारण इथेच कितीतरी तक्रारी संपतात.

झाकणच हलत नसेल तर पहिला संशय रिमोटवर जातो. बहुतेक रिमोट ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश सेकंदाला ३८,००० वेळा लुकलुकवून आज्ञा पाठवतात. डोळ्याला तो दिसत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्याला बहुधा दिसतो. सेल्फीच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबलं की पुढच्या दिव्यात फिकट जांभळी चमक दिसते. ती दिसली तर रिमोट जिवंत आहे. रेडिओलहरींवर चालणाऱ्या रिमोटला हा उपाय लागू नाही, तिथे सेल बदलून पाहायचा आणि पुस्तिकेप्रमाणे रिमोट पुन्हा जोडून घ्यायचा.

रिमोट जिवंत असूनही झाकण ऐकत नाही, याचं एक कारण सूर्य असू शकतो. उन्हातही अवरक्त किरण भरपूर असतात. दार सताड उघडं असेल आणि फरशीवरून परावर्तित झालेलं ऊन छतातल्या ग्राहकावर, म्हणजे रिमोटचा प्रकाश टिपणाऱ्या घटकावर, पडत असेल, तर तो ग्राहक दिपतो आणि आपली संवेदनशीलता आपणच कमी करतो. ही अडचण रिमोटच्या जन्मापासूनची. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीत यूजीन पॉली यांनी ‘फ्लॅश-मॅटिक’ नावाचा बिनतारी रिमोट बनवला. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत प्रकाशाला प्रतिसाद देणारे घटक होते, त्यांवर हातातल्या दिव्याचा झोत टाकायचा. खिडकीतून ऊन आलं की टीव्ही आपोआप चॅनल बदलायचा. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने रॉबर्ट ॲडलर यांचा ध्वनिलहरींवर चालणारा रिमोट बाजारात आणला. प्रकाश पुन्हा रिमोटमध्ये आला तो पुढे अवरक्त रूपात, ठरावीक वेगाने लुकलुकत, म्हणजे उन्हाच्या सलग झोतातून तो वेगळा ओळखता यावा. तरी थेट ऊन त्याला आजही जड जातं. दार लोटून, रिमोट ग्राहकाच्या जवळ नेऊन बटण दाबावं. आतल्या भिंतीवर हाताने दाबायचं बटण असेल तर तेही वापरून पाहावं. भिंतीवरच्या बटणानेही झाकण हललं नाही, तर रिमोटला सोडून द्यावं आणि तारांकडे वळावं.

बहुतेक गोंधळ इथेच होतो. माणसं मीटर लावतात, मोटरच्या टोकांशी १२.६ व्होल्ट दिसतात, आणि “करंट येतोय, म्हणजे मोटर जळली” असा निकाल देऊन नवी मोटर मागवतात. मीटरचं म्हणणं खरं असतं, निष्कर्ष चुकीचा असतो. मीटर जवळपास काहीच विद्युतप्रवाह ओढत नाही. वाटेतल्या एखाद्या जोडावर गंज चढून पाच ओहमचा रोध तयार झाला असेल, तरी इतक्या क्षीण प्रवाहाला तो जाणवत नाही. मोटरला मात्र सुरू होताना तीन-चार अँपिअर लागतात, आणि तेवढा प्रवाह त्या जोडातून जाऊच शकत नाही. महामार्गावरच्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे यावर साधा उपाय असतो : दोन तारा जोडलेला इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. मोटरची तार काढून तिथे हा बल्ब लावायचा आणि झाकण उघडायचं बटण दाबायचं. लख्ख पेटला तर वीज खरोखर पोचते आहे. मिणमिणला तर जोड शोधायचा, आणि पहिल्यांदा मायनसचा, कारण तो बऱ्याचदा गाडीच्या सांगाड्याला एका स्क्रूने कसलेला असतो आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी ढिला होतो. महागडा मीटर जे सांगत नाही ते हा बल्ब सांगतो. याच्यावर मी मीटरपेक्षा जास्त विश्वास ठेवीन.

जोड साफ असूनही तार बारीक असू शकते. बॅटरीपासून छतापर्यंत आठ मीटर अंतर धरलं तर जाऊन-येऊन तार सोळा मीटर होते. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा एवढ्या लांबीत सुमारे ०.२८ ओहम रोध होतो. चार अँपिअरला तिथे १.१ व्होल्ट खर्ची पडतात. छताखालच्या पोकळीत ती तार साठ अंशांपर्यंत तापली, तर तांब्याचा रोध आणखी पंधरा-सोळा टक्के वाढतो. त्यातून दिवसभर फ्रिज चालवून बॅटरी १२ व्होल्टवर आलेली असेल, तर मोटरच्या वाट्याला पावणेअकराच्या आसपास व्होल्ट येतात आणि तिचा जोर त्या प्रमाणात कमी होतो. अडीच चौरस मिलिमीटरची तार घातली तर हीच गळती अर्ध्याहूनही कमी होते. गाडी बांधून घेतानाच हे पाहून घ्यावं, कारण नंतर तार बदलायची तर छताचं आतलं अस्तर उसवावं लागतं.

दुपारी दोनच्या कोड्याचं मुख्य उत्तर मात्र आणखी एका लहानशा चकतीत असू शकतं. अशा अनेक मोटरींच्या सर्किटमध्ये आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज असतो, त्याला पॉलिफ्यूज म्हणतात. त्यात प्लास्टिकसारख्या पदार्थात कार्बनचे बारीक कण एकमेकांना चिकटून बसलेले असतात आणि वीज त्यांच्या साखळीतून वाहते. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की पदार्थ तापून फुगतो, कण दूर जातात, साखळी तुटते आणि रोध हजारो पटींनी वाढतो. थंड झाला की कण पुन्हा जुळतात. त्याला प्रवाहाची उष्णता आणि बाहेरची उष्णता यांतला फरक कळत नाही, आणि सगळी गोम इथेच आहे. जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४४-४५ वर जातो. उन्हात तापलेल्या छताच्या लगतची पोकळी त्याहून वीस अंशांनी अधिक तापू शकते. तेवढ्या उष्णतेत पॉलिफ्यूजची प्रवाह झेलण्याची क्षमता साठ-सत्तर टक्क्यांवर येते. मोटर नेहमीएवढाच प्रवाह मागते, पण फ्यूज आधीच तुटायच्या बेतात आलेला असतो.

आणि त्याच वेळी मोटर नेहमीपेक्षा जास्त प्रवाह मागत असते. घुमट ॲक्रिलिकचा, चौकट ॲल्युमिनियमची. पन्नास अंशांच्या फरकाने चाळीस सेंटिमीटरचं ॲक्रिलिक १.४ मिलिमीटरने वाढतं, तर ॲल्युमिनियम अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. जवळपास एक मिलिमीटरच्या या तफावतीने झाकण चौकटीत आवळतं. उन्हाने मऊ झालेली रबरी पट्टी चिकटते, बिजागरीत धूळ बसलेली असतेच. म्हणजे उष्णतेने ओझं वाढवलं आणि त्याच उष्णतेने फ्यूजची मर्यादा खाली आणली. रात्री आठला दोन्ही मागे फिरतात आणि झाकण उघडतं.

हे समजलं की इलाजही समजतो. मोठा फ्यूज टाकणं किंवा फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा अडकवणं हा इलाज नव्हे. तापलेल्या छतात, लाकडी अस्तराच्या आत, असं करणं म्हणजे आगीला वाट मोकळी करून देणं आहे, आणि मी ते कुणालाही करू देणार नाही. करायचं ते मोटरचं ओझं कमी. रबरी पट्टी ओल्या फडक्याने पुसून तिला सिलिकॉनचा पातळ हात द्यावा. नेहमीचं ग्रीस नको, त्याने काही रबरं फुगतात आणि खानदेशातली धूळ तर त्यावर लगेच बसते. बिजागरी ब्रशने झाडावी. कापसाच्या हंगामात रस्त्याकडेच्या जिनिंगजवळ मुक्काम झाला असेल तर जाळीत अडकलेले तंतू काढावेत. आणि सर्वांत सोपं म्हणजे सकाळी, छत तापायच्या आधीच झाकण उघडून ठेवावं.

एक इंच उघडून थांबणाऱ्या झाकणाची गोष्ट थोडी वेगळी. नियंत्रक सर्किटला झाकण पूर्ण उघडलं हे कसं कळतं? कुठे झाकण टोकाला पोचलं की लिमिट स्विच दाबला जातो, कुठे मोटर अडल्यावर प्रवाह एकदम वाढतो त्यावरून सर्किट अंदाज घेतं. दुसऱ्या प्रकारात बिजागरीतला खडादेखील ‘पूर्ण उघडलं’ असा खोटा निरोप देऊ शकतो. झाकण उघडल्यावरच पंखा चालू देणारा स्विचही असतो. तो धुळीने अडकला की झाकण उघडं आणि पंखा मुका, अशी अवस्था होते. मोटर खरंच गेली आहे का, हे ठरवायला तिची दोन्ही टोकं सुटी करून, फ्यूज लावलेल्या तारेने क्षणभर थेट बॅटरीला लावावीत. टोकं उलट केली की ती उलट फिरली पाहिजे. इतकं झालं तर मोटर शाबूत आहे.

पहाटे आपोआप बंद होणाऱ्या झाकणामागे बहुधा पावसाचा संवेदक असतो. त्यावर दोन धातूच्या रेघा जवळजवळ, पण एकमेकींना न टेकता काढलेल्या असतात. पाण्याचा थेंब दोन्हींवर पडला की वीज वाहते आणि झाकण मिटतं. कोरडी धूळ तिथे निरुपद्रवी असते. हिवाळ्यात पहाटे दव पडलं की त्याच धुळीतले क्षार विरघळतात आणि थेंबाचं सोंग घेतात. पक्ष्याची विष्ठाही तेच करते. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने संवेदक पुसला की हा त्रास थांबतो.

झाकण उघडं राहून अडकलं असेल तर गाडी हलवण्याआधी ते हाताने मिटवायलाच हवं. त्यासाठी आतून फिरवायची मूठ किंवा चावी बहुतेक व्हेंटना दिलेली असते, आणि तिची जागा प्रवासाला निघण्याआधीच माहीत करून घ्यावी. ताशी ८० किलोमीटर वेगाला समोरच्या वाऱ्याचा दाब २७० पास्कलच्या घरात जातो. गरम हवेच्या ०.९ पास्कलच्या तो तीनशे पट. उभ्या राहिलेल्या झाकणावर तो चार-साडेचार किलो वजनाइतका जोर लावतो, शिवाय समोरून येणाऱ्या ट्रकचा झोत वेगळाच.

छताचा व्हेंट नीट चालू लागला म्हणजे गाडीतली हवा सुरक्षित झाली असं मात्र धरू नये. स्वयंपाकाच्या गॅसमधला प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो आणि ब्यूटेन दुप्पट. गळती झाली तर गॅस छताकडे जात नाही, फरशीवर साचतो. त्याच्यासाठी सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाशी कायम उघडी जाळी असते. तिला रिमोट नसतो, मोटर नसते, झाकणही नसतं. धूळ आत येते म्हणून ती चिंधीने किंवा टेपने कधीही बुजवू नये, आणि शेगडी पेटवताना वरचं झाकण आणि एक खिडकी दोन्ही उघडी ठेवावीत. ज्वाळेला ऑक्सिजन कमी पडला तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्या वायूला वास नसतो.