दुवा पाठवावा, पण वाचता येईल असा

महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला, मध्य प्रदेश व छत्तीसगड या दोन राज्यांच्या सीमांना भिडलेला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. तलावांचा, जंगलांचा आणि धानाचा हा प्रदेश. जिल्हा नवा होता तेव्हा शासनाचे पत्र गावापर्यंत पोहोचत असे ते टपालाने, किंवा पंचायत समितीच्या बैठकीत हातोहात. आज तेच पत्र व्हॉट्सॲपच्या गटातून क्षणार्धात आठही तालुक्यांत जाते. फरक इतकाच की, पुष्कळदा पत्र येत नाही, पत्राचा पत्ता येतो. या पत्त्यास दुवा म्हणतात. कार्यालयात आणि शाळेत सर्वांच्या तोंडी असलेला शब्द मात्र ‘लिंक’ हाच आहे.

हा दुवा बहुधा एकटाच येतो. रोमन अक्षरे, अंक आणि चिन्हे यांच्या तीनचार ओळी, आणि खाली ‘सर्वांनी तात्काळ पाहावे’ एवढाच आदेश. काय पाहावे, कोणी पाहावे व केव्हापर्यंत पाहावे, याचा उल्लेख नसतो. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यांतील वनाच्छादित भागात जेथे भ्रमणध्वनीचा संपर्क अधूनमधून तुटतो, तेथील शिक्षकाला वा सरपंचाला असा दुवा उघडून पाहणे सोपे नसते. तो काम पुढे ढकलतो. सायंकाळपर्यंत गटात आणखी तीसचाळीस संदेश येऊन पडतात आणि सकाळचा दुवा त्यांच्याखाली गाडला जातो.

यात गैरसोयीपलीकडचेही काही आहे. आधारभूत किमतीने धान विकण्यासाठी शेतकऱ्याला आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. जिल्ह्यात ही खरेदी पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळ यांच्यामार्फत होते. नोंदणीची मुदत किंवा तिची वाढ कळविणारे पत्र जर बिनमथळ्याच्या दुव्याच्या रूपाने फिरले आणि ग्रामपंचायतीत कोणी ते उघडलेच नाही, तर त्याची किंमत संदेश पाठविणारा मोजत नाही. मुदत हुकलेला शेतकरी खाजगी व्यापाऱ्याच्या दारी जातो आणि तो देईल त्या भावाने धान घालतो.

शासकीय पत्रव्यवहाराला ही अडचण नवी नाही, आणि तिचा उपायही जुनाच आहे. प्रत्येक पत्राच्या माथ्यावर ‘विषय’ आणि त्याखाली ‘संदर्भ’ लिहिण्याची पद्धत कारकुनी सोपस्कार म्हणून पडलेली नाही. पत्र हाती घेणाऱ्याला ते पूर्ण न वाचता त्याचे महत्त्व कळावे आणि वर्षभरानंतरही ते नस्तीतून काढता यावे, हा तिचा हेतू. संदेशातील दुवा हा संदर्भच होय. मग कागदावर जो नियम पाळला जातो, तो पडद्यावर सोडून देण्याचे कारण नाही.

पत्त्याची रचना

दुवा नेटका करावयाचा तर आधी तो वाचता यावा लागतो. हे काम दिसते तितके अवघड नाही. पाकिटावर पत्ता लिहिताना गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, राज्य असा लहानाकडून मोठ्याकडे क्रम असतो. संकेतस्थळाच्या नावाचाही क्रम तोच. शासन निर्णयांच्या संकेतस्थळाचे नाव ‘जीआर डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ असे आहे. यातील शेवटचे ‘इन’ म्हणजे भारत, त्याआधीचे ‘गव्ह’ म्हणजे शासन, त्याआधी राज्य आणि सर्वांत आधी विशिष्ट शाखा. नावाच्या प्रारंभी असलेल्या दोन जोड तिरप्या रेघा सोडल्यास पुढे जी पहिली एकेरी तिरपी रेघ येते, तेथे हे नाव संपते. (त्या दोन रेघांची खरे तर गरज नव्हती, अशी कबुली वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००९ मध्ये दिली होती, पण तोवर जगाला त्यांची सवय जडली होती.)

म्हणून दुवा कोणाचा हे पाहताना नजर त्या पहिल्या एकेरी रेघेपाशी न्यावी आणि तेथून डावीकडे वाचत यावे. ‘गव्ह डॉट इन’ हे शेपूट केवळ शासकीय संस्थांनाच मिळते. गोंदिया जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ ‘गोंदिया डॉट गव्ह डॉट इन’ आहे. ‘गोंदिया’ आणि ‘गव्ह’ यांच्यामध्ये टिंबाऐवजी संयोगचिन्ह असेल, किंवा ‘गव्ह डॉट इन’च्या पुढे आणखी एखादे नाव व टिंब जोडलेले असेल, तर ते संकेतस्थळ शासनाचे नव्हे. योजनेच्या लाभाचे किंवा वाहनाच्या दंडाचे आमिष अथवा भय दाखवून बँकेतील पैसे लुबाडणारे दुवे याच चिंचोळ्या फटीतून आत शिरतात. गटात रोज न वाचता येणारे दुवे पडत असतील, तर सभासदांना न वाचताच दुवा उघडण्याची सवय लागते, आणि फसविणाऱ्याला हवी असते ती हीच सवय.

मराठी नावांचे काय होते

मराठी मजकुराच्या पानांचे दुवे विशेष लांब व विद्रूप का दिसतात, हा प्रश्न अनेकांना पडतो. संकेतस्थळाच्या पत्त्यात मूळ नियमानुसार केवळ रोमन अक्षरे, अंक व मोजकी चिन्हेच चालतात. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह संगणकात तीन भागांत साठविले जाते, आणि पत्त्यात लिहिताना त्यातील प्रत्येक भागासाठी एक टक्केचिन्ह व दोन रोमन अक्षरे वा अंक वापरावे लागतात. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. ‘गोंदिया’ हा शब्द बोलताना तीन अक्षरांचा. परंतु ग, ओकार, अनुस्वार, द, इकार, य आणि काना अशी संगणकाच्या हिशेबी ती सात चिन्हे होतात. त्यामुळे मराठी विकिपीडियावरील गोंदियाच्या पानाचा दुवा नकलून संदेशात चिकटविला की या एका नावाच्या ६३ जागा होतात. त्यात बिघाड काही नसतो. ते फक्त माणसाला वाचता येत नाही. असा दुवा तोडूमोडू नये, स्वतंत्र ओळीत तसाच ठेवावा व त्याच्या वर पानाचे नाव मराठीत लिहावे. ‘डॉट भारत’ हे देवनागरी शेपूट २०१४ पासून उपलब्ध आहे, पण कार्यालयीन व्यवहारात ते अजून विरळाच दिसते.

मराठीची आणखी एक खोड येथे आड येते. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘संकेतस्थळावर’, ‘कार्यालयातून’ या धर्तीवर दुव्याच्या अखेरीस लगोलग ‘वर’ किंवा ‘मध्ये’ लिहिले जाते, आणि यंत्र तो प्रत्यय पत्त्याचाच भाग समजते. दुवा उघडत नाही, आणि दोष मात्र संपर्क-यंत्रणेला दिला जातो. दुव्याच्या पुढेमागे मोकळी जागा असावी. सर्वांत उत्तम म्हणजे त्याला स्वतःची ओळ द्यावी.

काय छाटावे, काय छाटू नये

पत्त्यात प्रश्नचिन्ह आले की त्यापुढे बहुधा पुरवणी माहिती असते. तिच्यातील काही भाग अत्यावश्यक असतो, तर काही केवळ दुवा कोठून कोठे फिरला याचा माग ठेवण्यासाठी जोडलेला असतो. ‘यूटीएम’ने सुरू होणारे तुकडे आणि फेसबुक २०१८ पासून जोडत असलेला ‘एफबीसीएलआयडी’ हा तुकडा या दुसऱ्या प्रकारातले. ते निःशंकपणे काढावेत. यूट्यूबच्या दुव्यात चित्रफितीची ओळख ११ चिन्हांची असते. तेवढी राखावी, ‘एसआय’ हा तुकडा गाळावा. ‘टी’ हा तुकडा मात्र शिक्षकांच्या उपयोगाचा, कारण चित्रफीत नेमक्या कोणत्या क्षणापासून सुरू व्हावी हे तो सांगतो. छाटणीनंतर दुवा स्वतः उघडून पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नये.

शासन निर्णयांचा दुवा मात्र हाताने सुधारण्याच्या भरीस पडू नये. त्याच्या पत्त्यात दोन इंग्रजी शब्दांमधील मोकळ्या जागेसाठी टक्केचिन्ह आणि २० हा अंक येतो. ते बरे दिसत नाही म्हणून कोणी तेथे खरोखरच मोकळी जागा सोडली, तर दुवा अर्ध्यावरच तुटतो. येथे अधिक उपयोगी वस्तू वेगळीच आहे. निर्णयाच्या अखेरच्या परिच्छेदात त्याचा संकेतांक दिलेला असतो. त्याचे पहिले आठ अंक वर्ष, महिना व दिवस दर्शवितात; २०१८०६१५ असा आरंभ असल्यास १५ जून २०१८. दुवा उद्या बदलू शकतो, संकेतांक बदलत नाही. संकेतस्थळावरील यादीत प्रत्येक निर्णयापुढे विभाग, शीर्षक, संकेतांक, दिनांक आणि धारिकेचा आकार हे रकाने असतात. संदेशात काय लिहावे याचा नमुना शासनाने अशा प्रकारे आधीच मांडून ठेवला आहे. शेवटचा रकाना क्षुल्लक वाटेल, पण डोंगरावर चढून संपर्क मिळविणाऱ्याला तोच आधी हवा असतो.

लांब दुव्यावर उपाय म्हणून आखूड दुवे करून देणाऱ्या सेवांचा आश्रय घेतला जातो. हा उपाय कार्यालयीन कामासाठी टाळलेलाच बरा. आखूड दुव्यात संस्थेचे नाव लपते, म्हणजे पाकिटावरचा पत्ताच पुसला जातो. शिवाय ती सेवा बंद पडली की दुवा मरतो. गूगलने २००९ मध्ये सुरू केलेल्या अशा सेवेत २०१९ पासून नवे दुवे करणे थांबले आणि वापरात नसलेले जुने दुवे ऑगस्ट २०२५ मध्ये बंद करण्यात आले. परिपत्रकांत व प्रशिक्षण-पुस्तिकांत छापलेल्या दुव्यांवर अशी वेळ आल्यास त्यांना दुरुस्त करणार कोण?

संदेशाची मांडणी

समजा, धान खरेदी नोंदणीच्या मुदतवाढीचे पत्र पाठवावयाचे आहे. पहिल्या ओळीत ‘धान खरेदी : नोंदणीस मुदतवाढ’ असा विषय. दुसऱ्या ओळीत पत्र कोणाचे व कोणत्या दिनांकाचे. तिसऱ्या ओळीत ‘सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी व सेवा सहकारी संस्थांसाठी, नवी मुदत पत्रात परिच्छेद २ मध्ये, पत्र १ पानाचे’. मुदतीचा दिनांक संदेशातच लिहिला तर आणखी बरे, म्हणजे दुवा न उघडणाऱ्यालाही मुख्य गोष्ट कळते. त्याखाली, एकट्या ओळीत, दुवा. इतके लिहिण्यास दोन मिनिटे लागतात. गटातील दोनशे माणसांची प्रत्येकी दोन मिनिटे वाचतात.

माहिती मागविणाऱ्या तक्त्यांच्या दुव्यांबाबत वेगळीच दक्षता हवी. ऑनलाइन तक्त्याचा दुवा पाहण्यापुरता देता येतो, तसाच बदल करण्याच्या अधिकारासह देता येतो. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखेच. विद्यार्थ्यांची नावे, आधार क्रमांक वा बँक खाती असलेला तक्ता बदलाच्या अधिकारासह मोठ्या गटात टाकला गेला, तर एका शाळेने चुकून पुसलेली ओळ दुसऱ्या शाळेची असू शकते, आणि तो दुवा पुढे कोणाच्या हाती जाईल याला धरबंध राहत नाही. माहिती भरून घ्यावयाची असेल तेथे तक्त्याऐवजी प्रपत्राचा दुवा द्यावा; त्यात प्रत्येकाला फक्त स्वतःचे उत्तर भरता येते.

चुकीचा दुवा गेलाच, तर त्याखाली ‘वरील दुवा रद्द समजावा’ असे लिहून नवा टाकण्याची प्रथा आहे. ती घोटाळ्याची ठरते, कारण जुना दुवा तोवर पाच गटांत पोहोचलेला असतो आणि रद्द केल्याची ओळ त्याच्याबरोबर जात नाही. व्हॉट्सॲपवर २०२३ पासून पाठविलेला संदेश १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, तर सर्वांसाठी काढून टाकण्याची मुभा सुमारे अडीच दिवस असते. दुवा पाठविताच तो गटातूनच एकदा उघडून पाहिला, तर ही १५ मिनिटे पुरतात.